जागेअभावी : स्मरणिका समितीला एक खुले पत्र

स्मरणिकेच्या संपादन समितीस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि माझ्या लेखाचं प्रूफ मिळालं. प्रूफ तपासून ठेवलं आहे. 'मानसोपचार' हा शब्द तीन ठिकाणी 'मानसोपहार' झालाय, तेवढा दुरुस्त करा. चाळीस वर्षं मी खरंच उपहार देत बसलो असतो, तर पेशंट आनंदानं आले असते. इंग्लंडातला फोटो छान लागलाय. अंगावरचा ओव्हरकोट उसना होता, पण ते फोटोखाली छापायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. शेवटून दुसरा परिच्छेद प्रूफमध्ये नाही. सोबतच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ आहे : 'जागेअभावी काही मजकूर वगळावा लागला, क्षमस्व.' लेख जिथे संपतो तिथे खाली चार बोटं कोरी जागा आहे. तिथे तुम्ही कमळाचं चित्र टाकलंय.

हे पत्र पाकिटात घालून पाठवता आलं असतं. तुमच्यातले दोघं तर माझ्या डोळ्यांदेखत मोठे झालेत, फोन उचलून रागावलो असतो तरी चाललं असतं. पण वगळलेली गोष्ट एकट्या माझ्या घरची आहे असं मला आता वाटत नाही. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, जिथे जिथे आपली मराठी बिऱ्हाडं होती तिथे तिच्या जवळपासचं काहीतरी घडलेलं असणार. म्हणून उघड लिहितोय.

तुम्ही जो भाग ठेवलात तो आधी थोडक्यात सांगतो, कारण हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनी लेख वाचलेला नसेल. १९७२ च्या जानेवारीत मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका मनोरुग्णालयात ज्युनिअर डॉक्टर म्हणून रुजू झालो. राहायला बाहेर खोली शोधत होतो. पेपरातली जाहिरात बघून बूथमधून फोन लावला. पलीकडून एका बाईंचा गोड आवाज : हो, खोली आहे, पाच वाजता या. पाचला पोचलो. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, एक श्वास थांबल्या आणि म्हणाल्या, "अरेरे, आत्ताच गेली हो." दार आपटलं वगैरे नाही, अगदी हळू लावून घेतलं. परत फिरताना खिडकीतली पाटी वाचली. खोली भाड्याने देणे आहे.

घरभाड्यात रंगावरून नकार देणं तिथे १९६८ च्या कायद्यानं बेकायदा झालं होतं. गंमत अशी की मालक स्वतः राहतो अशा लहान घरांना त्या कायद्यात सूट होती. म्हणजे बाईंना खोटं बोलायची गरजही नव्हती. 'तुम्ही काळे आहात, नको' असं सरळ म्हणाल्या असत्या तरी कोणी त्यांचं काही करू शकलं नसतं. खोटं त्या बोलल्या ते सभ्यपणापोटी. हे मला फार नंतर सुचलं.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलोय. लग्नात, मुंजीत, रोटरीच्या जेवणात, माझ्या निवृत्तीच्या सत्कारात. सांगून सांगून तिला लय आली आहे. 'आत्ताच गेली हो'ला बाईंचा आवाज काढायचा, पाटीपाशी जरा थांबायचं, मग लोक हसतात आणि हसून झाल्यावर गंभीर होतात. तरुण मंडळींना मी काहीतरी सोसून आलेला माणूस वाटतो. मलाही वाटत असे.

तीन वर्षांपूर्वी भाचीच्या मुलीच्या साखरपुड्यात हीच गोष्ट रंगात आली असताना माझी थोरली बहीण, अक्का, पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाली, "आणि आपल्या मागच्या खोलीतला तो मुलगा रे?"

तेवढंच. मग तिनं कॉफी मागितली.

तुम्ही वगळलेला परिच्छेद त्या प्रश्नाचं उत्तर होता. तो जसा लिहिला होता तसाच इथे देतो.

'१९५५ च्या पावसाळ्यात आमच्या वाड्याच्या मागच्या खोलीत एक तरुण भाड्यानं राहायला आला. युनिव्हर्सिटीत शिकायला खानदेशातून आलेला. खोलीला वेगळा जिना होता. महिन्याभरात त्याच्या वडिलांची मनीऑर्डर आली. पोस्टमननं ओट्यावर बसून पाठवणाऱ्याचा पत्ता मोठ्यानं वाचला. त्यात महारवाडा होता. संध्याकाळी आजी मागच्या जिन्यापाशी गेली आणि म्हणाली, "बाळ, खोली रिकामी करावी लागेल. माझा भाचा यायचाय शिकायला." कुठलाही भाचा यायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आजीनं खोली धुऊन घेतली, गोमूत्र शिंपडलं. दिवाळी होऊन गेली तरी खोली रिकामीच होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्याची ट्रंक टांग्यापर्यंत मी नेऊन दिली.'

एवढाच मजकूर. शंभरेक शब्द.

परिच्छेद का वगळला हे मला पत्रातून कळलं नव्हतं, ते फोनवर कळलं. तुमच्यापैकी एकानं मोठ्या अदबीनं फोन केला. "डॉक्टरकाका, तिकडचा वर्णद्वेष वेगळा आणि आपल्याकडचं वेगळं. आणि आजींचं नाव उगाच खराब होईल." दोन्ही मुद्दे विचार करण्याजोगे आहेत, म्हणून दोन्हींवर लिहितो.

आजीचं आधी. ती दुष्ट नव्हती. आमच्याकडे वारावर जेवणारे विद्यार्थी असत. गुरुवारच्या मुलाला ताप आला तर ती रात्री पेज घेऊन त्याच्या बिऱ्हाडी जायची. दाराशी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. फक्त पाणी कुणाला कुठल्या भांड्यातून द्यायचं याचा तिचा एक हिशेब होता, आणि तो तिनं एकटीनं मांडलेला नव्हता. अस्पृश्यता पाळण्याला शिक्षा ठरवणारा कायदा १ जून १९५५ ला लागू झाला होता. आमचे आजोबा हुजूर कचेरीतून निवृत्त झालेले, घरी रोज पेपर येई, कायदा त्यांना ठाऊक असणारच. त्या संध्याकाळी ते माजघरात पेपर वाचत बसले होते. आजीनं भाच्याची थाप मारली ती कायद्याच्या भीतीनं, की त्या मुलाला सरळ सांगायची लाज वाटली म्हणून, हे आता कोण सांगणार? मला वाटतं, लाजच. त्या लाजेमुळेच ती मला जास्त आपली वाटते. पण त्या मुलाला लाजेचा काय उपयोग? त्याला टांगा बोलवावा लागलाच.

आता 'वेगळं' असल्याचा मुद्दा. तो मला मान्य आहे आणि मान्य करणारा मी पहिला नाही. डॉ. आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला, त्यातच जातीचं मूळ वंशात शोधणाऱ्यांना त्यांनी खोडून काढलं होतं. त्याआधी रिस्लेसारखे इंग्रज अधिकारी भारतभर लोकांची नाकं मोजत हिंडले होते आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची असा सिद्धान्त मांडून बसले होते. १९४८ साली बाबासाहेबांनी त्याच मोजमापांचे आकडे घेतले आणि दाखवून दिलं की या नाकांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. तेव्हा जात आणि वंश एक नाहीत, बरोबर. खानदेशातल्या त्या मुलाचा रंग माझ्यापेक्षा उजळ होता. मनीऑर्डर आली नसती तर आजीला जन्मात कळलं नसतं. इंग्लंडातल्या बाईंना निदान दार उघडल्यावर डोळ्यांनी दिसलं. आम्हाला पोस्टमनकडून वाचून घ्यावं लागलं.

एवढा फरक मान्य. माझं म्हणणं फक्त दारातल्या वाक्यापुरतं आहे.

ते वाक्य आपल्या गावात त्याआधीही बोललं गेलंय. तुमच्या स्मरणिकेच्या अनुक्रमणिकेत सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना दिलेल्या शिष्यवृत्तीवर पूर्ण लेख आहे. फार चांगलं. १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. महाराजांची दृष्टी मोठी, यात वादच नाही. १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा राजा तेव्हा दुसरा कोण होता? पण अंत्यजांच्या, म्हणजे अस्पृश्यांच्या, शाळांवर शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून आधी मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि १९०८ मध्ये पंजाबातून आर्यसमाजी मास्तर आत्माराम यांना बोलवावं लागलं. महाराज महाराजांच्या जागी होते, पण शाळेत जाऊन शिकवायचं ते तुमच्या-माझ्या आजोबांनी, आणि ते गेले नाहीत.

तोच शिष्यवृत्तीचा विद्यार्थी, भीमराव, १९१७ मध्ये न्यूयॉर्क-लंडन करून, करार पाळत संस्थानात नोकरी करायला, बडोदा स्टेशनवर उतरला. पुढे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. स्टेशनबाहेर पाऊल टाकल्यावर ती परत आली, 'जायचं कुठे?' या प्रश्नाच्या रूपात. मनोविकारतज्ज्ञ म्हणून सांगतो, स्मृती परत येण्याचं याहून नेमकं वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. माणूस जे विसरून गेला होता, ते गावानं त्याच्यासाठी जपून ठेवलं होतं.

पारशी नाव सांगून ते पारशांच्या सराईत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची होती. गावात दोन स्नेही होते, त्यांना विचारलं. हिंदू स्नेही म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला, मूळचा ब्राह्मण. तो म्हणाला, बायको उद्या यायची आहे, तिला विचारून सांगतो. कामाटी बागेत पाच तास बसून, रात्री नऊच्या गाडीनं ते मुंबईला गेले. त्या जागी आता त्या दिवसाची आठवण म्हणून संकल्पभूमी नावाचं स्मारक आहे. दर २३ सप्टेंबरला तिथे गर्दी होते. आपल्या मंडळातलं कोणी मला तिथे कधी दिसलेलं नाही, आणि मीही ऐंशीला टेकल्यावर पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला बोलायचा अधिकार बेताचाच.

नोकर निघून जातील. बायकोला विचारतो. भाचा यायचाय. आत्ताच गेली हो. माझी स्वतःची काही हरकत नाही हो, पण...

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यापासून कामाटी बाग चालत वीस-पंचवीस मिनिटं. लहानपणी रविवारी आम्ही तिथे चणे खायला जायचो.

आता आठवणींच्या धंद्याबद्दल दोन शब्द, कारण आयुष्यभर मी त्याच धंद्यात होतो. गुजरातेत दारूबंदी असली तरी कोर्साकॉफचे पेशंट मला कधी कमी पडले नाहीत. रशियातल्या कोर्साकॉफनं १८८७ मध्ये वर्णन केलेला हा आजार. वर्षानुवर्षं दारू आणि पोटात अन्न नाही, त्यामुळे बी-१ जीवनसत्त्व संपतं, मेंदूच्या आतल्या एका भागाला इजा होते आणि नवीन काही लक्षात राहीनासं होतं. अशा माणसाला विचारा, 'आज सकाळी काय केलंत?' तो 'आठवत नाही' म्हणत नाही. एक गिरणीतले निवृत्त जॉबर तीन आठवडे वॉर्डात होते, रोज सकाळी मला सांगायचे, "आत्ताच मांडवीवरून आलो, लहरीपुऱ्यापाशी सेव-उसळ खाल्ली, तुमच्यासाठी आणणार होतो." ते खोटं बोलत नव्हते. रिकामी जागा मेंदूला सोसवत नाही, तो ती हाताशी येईल त्यानं भरतो. असे पंचवीसेक तरी पेशंट मी पाहिले असतील. त्यांच्यातला कुणी सकाळी उठून बायकोला मारल्याचं सांगत नसे. भरलेली जागा बहुतेकदा सेव-उसळीची असे.

मेंदू धडधाकट असलेल्यांचंही फार वेगळं नाही. केंब्रिजच्या बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये छापलेले प्रयोग आम्हाला परीक्षेला असत. त्यानं इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुतांची गोष्ट वाचायला दिली आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी, ती परत लिहायला लावली. प्रत्येक वेळी गोष्ट आखूड होत गेली. लाकूड कोरून केलेल्या होड्यांच्या साध्या बोटी झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, न समजलेली भुतं गळून पडली. शेवटी उरली ती इंग्रज माणसाला पटेल अशी गोष्ट. आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण जसंच्या तसं लिहितोय.

बडोद्याला हे शिकवायला खरं म्हणजे केंब्रिज कशाला हवं? १८७५ मध्ये मल्हारराव महाराजांवर इंग्रज सरकारचा इथला प्रतिनिधी, रेसिडेंट फेअर, याला सरबतातून सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप आला. चौकशीला सहा जण बसले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी : ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. साक्षीदार तेच, साक्षी त्याच, खोलीही तीच. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, तिघा हिंदी माणसांना वाटला नाही. ही गोष्ट आपण बडोदेकर अभिमानानं सांगतो. फक्त ऐकताना आपण नेहमी त्या तिघा हिंदी माणसांच्या बाजूला बसलेले असतो.

मी स्वतः कुठल्या बाजूला बसलो होतो, हे मला इंग्लंडमध्ये दोनदा कळायला हवं होतं. दोन्हीदा कळलं नाही.

हॉस्पिटलच्या लायब्ररीत केनियात काम केलेल्या कॅरोदर्स नावाच्या डॉक्टरचा एक प्रबंध होता. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं छापलेला. आफ्रिकी माणूस मेंदूचा पुढचा भाग कमी वापरतो, त्याचं मन म्हणजे मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपियनासारखं, असं त्यात शास्त्राच्या थाटात लिहिलेलं आहे. मी तो वाचला. परीक्षेसाठी पेन्सिलीनं खुणा केल्या. राग आला नाही. खोली नाकारून सहा महिनेही झाले नव्हते, आणि राग आला नाही. ते आमच्याबद्दल नव्हतं ना.

दुसरी वेळ त्याच वर्षीची. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनमध्ये आली, त्यांत आपल्या चरोतर-काठियावाडची पुष्कळ. जुन्या लष्करी तळांवर त्यांच्या छावण्या होत्या. लेस्टरच्या नगरपालिकेनं तर युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली, इथे येऊ नका, जागा नाही. आमच्या वॉर्डात एक बाई आल्या, कागदावर 'बोलत नाही, प्रतिसाद नाही' आणि पुढे स्किझोफ्रेनियाची शंका. मला बोलावलं, कारण मी बडोद्याचा. मी खुर्ची ओढून गुजरातीत विचारलं, "बेन, जम्यां?" जेवलात का, एवढंच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग पदराची गाठ सोडून किल्ल्या दाखवल्या. कंपालाच्या घराच्या. कुलूप लावलं की नाही तेच आठवत नाही, म्हणाल्या. आजार काही नव्हता, किंवा जो होता त्याला आमच्या पुस्तकात नाव नव्हतं.

त्यांच्या नवऱ्याशी बराच बोललो. दुकान, गाडी, घरातली शिसवी कपाटं, सगळं त्यांनी मोजून सांगितलं. घरी अकरा वर्षं एक आफ्रिकी नोकर होता, त्यानंच शेवटच्या दिवशी सामान गाडीत चढवलं, हेही सांगितलं. सहज विचारलं, त्याचं नाव काय? ते थांबले. आठवेना. "अमे तो बोय ज कहेता," म्हणाले. आम्ही तर त्याला 'बॉय'च म्हणायचो. मला ते ऐकून त्यांची जरा कीव आली होती, हे लख्ख आठवतं. आमच्या मागच्या खोलीतल्या मुलाचं नाव मला तेव्हा आठवत होतं का? आज नाही आठवत. अक्कालाही नाही.

कागदावर काय राहतं आणि काय गळतं, याला तुम्ही मानता त्याहून जास्त किंमत आहे. अमेरिकेच्या १८४० च्या जनगणनेत वेड्यांची मोजणी झाली आणि निष्कर्ष निघाला की उत्तरेकडच्या मुक्त काळ्या लोकांत वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. गुलामगिरीच्या कैवाऱ्यांना आयतं हत्यार मिळालं : बघा, स्वातंत्र्य यांना सोसत नाही. एडवर्ड जार्विस नावाच्या एका डॉक्टरनं चिकाटीनं रकाने तपासले. ज्या गावांत एकही काळा माणूस राहत नव्हता, तिथेही काळे वेडे नोंदलेले. वूस्टरच्या इस्पितळातले १३३ गोरे रुग्ण चुकून काळ्यांच्या रकान्यात. त्यानं ओरडून सांगितलं, संसदेपर्यंत गेलं, पण सरकारनं आकडे काही दुरुस्त केले नाहीत. छापलेलं ते छापलेलं. तुमची स्मरणिकाही छापली जाणार आहे. पन्नास वर्षांनी युनिव्हर्सिटीतला कोणी संशोधक मांडवीच्या रद्दीवाल्याकडून ती उचलेल आणि वहीत लिहील : बडोद्याच्या मराठी माणसाला परदेशात खोली नाकारली गेली. बडोद्यात मराठी माणसानं कुणाला नाकारली, तो रकाना कोरा. कोरा सुद्धा नाही, तिथे कमळ.

आता तुमच्या कात्रीचे आभारही मानतो, आणि हे उपरोधानं नाही. परिच्छेद वगळलात म्हणून मी चिडून अक्काला फोन केला आणि तो तिला वाचून दाखवला. ती पंचाऐंशीची आहे, पुण्याला असते, ऐकू कमी येतं पण बाकी सगळं शाबूत. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ट्रंक तू कुठे नेलीस?"

मी म्हटलं, मीच नेली, मला स्वच्छ आठवतंय.

"तू माडीच्या खिडकीत होतास. आजीनं तुला खाली उतरूच दिलं नाही, शिवाशीव होईल म्हणून. मी जिन्यात होते. त्याची त्यानं नेली. दोन खेपा केल्या, आधी वळकटी, मग ट्रंक."

मी फोन ठेवला आणि पेशंटला करतो तशी स्वतःची उलटतपासणी केली. ट्रंक कुठल्या रंगाची? हिरवी. कडी कुठल्या हाताला? सांगता येईना. वजन? माझ्या आठवणीत ट्रंक आहे, पण तिला वजनच नाही. अकरा वर्षांच्या पोरानं पुस्तकांनी भरलेली लोखंडी ट्रंक उचलली असती तर हाताला वळ तरी आठवला असता. मग टांगा डोळ्यांसमोर आणला. घोडा दिसत नाही. चाक दिसत नाही. दिसतं ते टांग्याचं छप्पर, काळं, एका कोपऱ्यात ठिगळ लावलेलं आणि पावसानं चमकणारं. वरून दिसतं.

सत्तर वर्षं मी ती ट्रंक उचलून धरली होती. माझी सेव-उसळ.

तेव्हा विनंती अशी. परिच्छेद घ्यायचा असेल तर घ्या, नसेल तर अख्खा लेख परत करा. नुसती इंग्लंडची गोष्ट छापायला माझी परवानगी नाही. ओव्हरकोटातला फोटो काढलात तरी चालेल. आजीचं नाव लेखात कुठेच नाही, आणि ती असती तर तिला मी हे आधी वाचून दाखवलं असतं. वाडा पाडून तिथे कॉम्प्लेक्स झालंय, मागच्या जिन्याच्या जागी पार्किंग आहे, त्यामुळे तिथल्या कुणाला त्रास होण्याचाही प्रश्न नाही. १९५५-५६ च्या सुमारास युनिव्हर्सिटीत शिकणारा, खानदेशातला, दांडिया बाजारात महिनाभर राहून गेलेला मुलगा कुणाच्या वडिलांच्या, काकांच्या, सरांच्या बोलण्यात आला असेल, तर मला कळवा. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना मी काय म्हणणार आहे ते अजून ठरलेलं नाही.

परिच्छेद घेतलात तर शेवटचं वाक्य मात्र बदला. 'त्याची ट्रंक टांग्यापर्यंत मी नेऊन दिली' हे काढा आणि तिथे लिहा : 'ट्रंक त्याची त्यानं नेली, दोन खेपांत. मी माडीच्या खिडकीतून बघत होतो.' एक ओळ वाढेल. कमळ काढलंत तर मावेल.

आपला,
एक निवृत्त मनोविकारतज्ज्ञ
(पूर्वी दांडिया बाजार, हल्ली अलकापुरी), वडोदरा